बोअर हवा मारतेय, आणि मला भूजलशास्त्रज्ञ व्हायचंय

पत्र: मी कासारवडवलीला राहते. मुंबईत भूशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे भूजलातच काम करायचं ठरवलंय. बाबा म्हणतात, "म्हणजे शिकून पाणाड्याच होणार ना?" त्यात आमच्या सोसायटीची बोअर एप्रिल लागला की हवा मारायला लागते आणि टँकर सुरू होतात. नव्या बोअरसाठी एक काका नारळ घेऊन आले. नारळ तळहातावर उभा राहिला आणि आता पार्किंगच्या कोपऱ्यात तीनशे फूट मारायचं ठरतंय. सेक्रेटरी मला म्हणाले, "तू हेच शिकतेस ना, तू सांग." मला काही सांगता आलं नाही. एमएस्सी कुठे करू? नोकऱ्या कुठे असतात? प्रत्यक्ष काम काय असतं? मुलगी म्हणून फील्डवर अडचण येते का? आणि सोसायटीला काय सांगू?
– स., ठाणे (पश्चिम)

प्रिय स.,

सेक्रेटरींना तू काही सांगितलं नाहीस हे उत्तम झालं. काहीही न मोजता जागा दाखवली असतीस तर तुझ्यात आणि त्या काकांत फरक फक्त नारळाचा उरला असता.

तुझ्या सगळ्या प्रश्नांपैकी सोसायटीचा प्रश्न आधी घेतो. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. पाणाड्यांचा अंदाज खरा ठरतो असं लोक सांगतात ते अगदी खोटं नाही. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगराच्या पायथ्याशी माती-मुरूम आणि झिजलेला खडक आहे. अशा ठिकाणी कुठेही भोक पाडलं तरी थोडंफार पाणी लागतंच, मग नारळ उभा राहो की आडवा. "पाणी आहे का?" या प्रश्नाला इथे फारसा अर्थ नाही. किती आहे, कुठल्या महिन्यापर्यंत आहे, कुठून येतंय आणि पिण्याजोगं आहे का, हे चार प्रश्न खरे. भूजलशास्त्रज्ञाला पगार या चार प्रश्नांचा मिळतो. जागेवर खूण करणं हा त्याच्या कामातला एक छोटा तुकडा आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कमी रंजक.

आता जुन्या बोअरकडे ये. ती "आटली" असं सगळे म्हणतात, पण मोजलं कोणी? बोअर हवा मारते याचा अर्थ एवढाच, की पाण्याची पातळी पंपाच्या तोंडाखाली गेली. त्याची कारणं वेगवेगळी असू शकतात. खडकातून येणारं पाणी कमी झालं असेल. पंपच बोअरच्या कुवतीपेक्षा मोठा बसवला असेल. भेगा गाळाने बुजल्या असतील. किंवा शेजारच्या प्लॉटवर नवी बोअर झाली असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पंप मोठा असेल तर तीनशे फुटांची नवी बोअर हा इलाजच नाही. भेगा बुजल्या असतील तर कॉम्प्रेसरने फ्लशिंग करून घेता येतं, किंवा जास्त दाबाने पाणी आत ढकलून भेगा मोकळ्या करता येतात. सरकारी भाषेत याला जलभंजन म्हणतात. (तसंच बोअरला तिथे विंधन विहीर म्हणतात. परीक्षेच्या पेपरात हेच शब्द येतील.)

मोजायचं कसं? बोअरच्या तोंडातून २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आत सोडून घे. पंपाच्या पाइपाला तो बांधलेला असावा आणि खालचं टोक पंपाच्या थोडं वर असावं. हा पाइप नसेल तर पातळी मोजायची साउंडरची वायर पंपाच्या केबलमध्ये अडकते, आणि ती सोडवायला पंप वर काढावा लागतो. बारा तास पंप बंद ठेव. रात्री बंद करून सकाळी मोजणं सोयीचं. साउंडर म्हणजे मोजपट्टीसारखी वायर. टोक पाण्याला लागलं की वर बझर वाजतो. जिथून मोजतेस ती जागा केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपाच्या, काठावर रंगाने खूण करून पक्की कर आणि तो काठ जमिनीपासून किती उंच आहे ते लिहून ठेव. दर वेळी वेगळ्या जागेवरून मोजलं तर अर्धा मीटर पातळी कागदावरच वरखाली होते.

मग पंप सुरू कर. पाणी २०० लिटरच्या ड्रममध्ये सोड आणि ड्रम भरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघ. समज, चार मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला ५० लिटर, तासाला ३,०००. पातळी पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला, मग १२, १५, २०, २५, ३०, ४०, ५०, ६० आणि पुढे दर अर्ध्या तासाला मोज. दर तासाला ड्रम पुन्हा भरून बघ, कारण पातळी खाली गेली की पंप कमी पाणी फेकतो आणि तेच गृहीत धरायला लोक विसरतात.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये दर मीटरला साधारण पावणेअठरा लिटर पाणी नुसतं साठलेलं असतं. पाण्याचा स्तंभ साठ मीटर असेल तर हजारभर लिटर झाले. मिनिटाला ५० लिटर काढलेस तर सुरुवातीला तू मुख्यतः हे साठलेलं पाणीच उपसत असतेस आणि खडकाचा वाटा हळूहळू वाढत जातो. म्हणून तासाभराची टेस्ट बघून "चांगलं पाणी आहे" म्हणणारा माणूस बोअरची टाकी मोजत असतो, खडक मोजतच नाही. किमान सहा-आठ तास चालवायची तयारी ठेव. त्यानंतर पंप बंद करून पातळी वर येताना तशीच मोज. पुष्कळदा ही रिकव्हरीच जास्त खरं बोलते, कारण त्यात पंपाच्या चढउताराचा गोंधळ नसतो.

हे आकडे सेमीलॉग कागदावर मांड. वेळ लॉग स्केलवर, पातळीची घट साध्या स्केलवर. सुरुवातीचे साठ्याच्या वेळचे बिंदू सोडून दे आणि नंतरच्या सरळ भागातून रेघ काढ. एका लॉग सायकलमध्ये, म्हणजे ४० मिनिटांपासून ४०० मिनिटांपर्यंत, पातळी सहा मीटर खाली गेली असं समज. कूपर आणि जेकब यांनी १९४६ मध्ये दिलेलं सूत्र तुझ्या अभ्यासात येईलच: ०.१८३ गुणिले दिवसाचं पाणी, भागिले ही घट. तासाला ३,००० लिटर म्हणजे दिवसाला ७२ घनमीटर. उत्तर येतं सुमारे २.२ चौरस मीटर प्रतिदिन. याला ट्रान्समिसिव्हिटी म्हणतात: खडक पाणी किती सहज वाहू देतो त्याचं माप. एवढ्या कमी आकड्याचा खडक चोवीस तास तासाला तीन हजार लिटर देणार नाही. पंप तासाला दीड हजारावर आण, दिवसातून दोन-तीन टप्प्यांत चालव आणि पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारं ड्राय रन प्रोटेक्शन लाव. कदाचित एप्रिलमधली "आटलेली" बोअर मे अखेरपर्यंत रोज थोडं पाणी देत राहील. टँकर बंद होणार नाहीत, कमी होतील. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगण्यासारखी ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट तीनशे फुटांची. हा आकडा खडकातून आलेला नाही, ड्रिलरच्या दरपत्रकातून आलाय. ठाण्याखाली बेसॉल्ट आहे, लाव्ह्याचे थर एकावर एक. प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग घट्ट काळा पाषाण, वरचा भाग वायूच्या पोकळ्यांचा, ज्याला आपण मांजऱ्या म्हणतो. दोन थरांच्या मध्ये कधी लाल गेरूसारखा पट्टा लागतो. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या भागात, उभ्या-आडव्या भेगांत आणि थर जिथे एकमेकांना टेकतात त्या सांध्यात. खोल जाशील तशा भेगा वरच्या वजनाने मिटत जातात. त्यामुळे खोली म्हणजे विमा नव्हे. त्यातून पनवेल फ्लेक्शरमुळे, म्हणजे थरांना पडलेल्या मोठ्या बाकामुळे, या पट्ट्यातले थर पश्चिमेकडे कललेले आहेत, आणि साधारण उत्तर-दक्षिण डाइक, म्हणजे भेगांत घुसून गोठलेल्या लाव्ह्याचे उभे पट्टे, त्यांना कापून गेलेत. डाइक कधी भिंतीसारखा पाणी अडवतो, तर कधी त्याच्या कडेच्या भेगांतून पाणी वाहतं. शेजारच्या सोसायटीत दोनशे फुटांवर भरपूर पाणी लागलं म्हणून आपल्याकडेही लागेल, हे म्हणूनच खरं ठरत नाही. मध्ये एखादा डाइक असू शकतो.

बोअर मारायची रिग आलीच तर तिथे उभी राहा. दर दहा फुटांना उडून येणारी चुरी एकेका पिशवीत भर आणि पिशवीवर खोली लिही. लाल चुरी, काळी चुरी, पांढरी स्फटिकं असलेली चुरी, सगळं वेगळं ठेव. दहा फूट जायला किती मिनिटं लागली तेही नोंद. हॅमर अचानक भरभर खाली गेला आणि चुरी ओली झाली तर तिथे भेग आहे. ड्रिलर शेवटी "दोन इंच पाणी लागलं" म्हणेल. हे इंच म्हणजे व्ही-नॉच पत्र्यावरून, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या पत्र्यावरून, पडणाऱ्या पाण्याची उंची. नव्वद अंशांच्या नॉचवर एक इंच म्हणजे तासाला सुमारे पाचशे लिटर, दोन इंच म्हणजे सुमारे २,९००, तीन इंच म्हणजे आठ हजारांच्या आसपास. इंच दुप्पट झाले की पाणी साडेपाच पटींहून अधिक होतं, कारण ते उंचीच्या अडीचाव्या घातात वाढतं. म्हणून अर्ध्या इंचाची घाई म्हणजे हजारो लिटरची चूक. शिवाय कॉम्प्रेसरने फुंकलेलं पाणी हे भेगांत साठलेलं पहिलं पाणी असतं. तेच रोज मिळेल असं धरू नकोस.

तू विचारशील, मग जागा शोधायला मशीन नसतं का? असतं. जमिनीत चार दांडे ठोकून वीजप्रवाह सोडतात आणि खडकाचा विद्युत विरोध मोजतात. सुका घट्ट बेसॉल्ट शंभर ओहम-मीटरच्या वर जातो, पाणी भरलेला भेगाळ खडक बऱ्याचदा २० ते ६०च्या दरम्यान येतो, आणि दहाच्या खाली गेलं तर चिकणमाती किंवा खारं पाणी असण्याचा संशय घ्यायचा. नवशिके नेमके इथे फसतात. आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त असं समजून ते खाडीकाठच्या चिकणमातीवर खूण करतात. ठाण्यात आणखी एक अडचण आहे. साठ मीटर खालचं बघायचं तर दांड्यांची टोकं दोनशे-तीनशे मीटर लांब, एका रेषेत न्यावी लागतात. घोडबंदर रोडला एवढी मोकळी सरळ रेघ कुठे मिळणार? मिळालीच तर खाली जलवाहिन्या, केबल्स, काँक्रीटमधल्या सळया, आणि मेट्रोचे खांब. लोखंड प्रवाह खेचून घेतं आणि खोटा कमी आकडा देतं. शहरात कोणी दोन तासांत पार्किंगमध्ये "सर्व्हे" करून पैसे घेत असेल तर त्याला विचार, दोन टोकांमधलं अंतर किती होतं. उत्तर ऐकलंस की कळेल.

बाबांना हे सगळं सांग. पाणाड्या आणि भूजलशास्त्रज्ञ यांच्यात शिक्षणापेक्षा मोठा फरक म्हणजे वही. पाणाड्या चुकला तर त्याची नोंद कुठेच राहत नाही. तुझी चूक तुझ्या वहीत तारखेसकट असते आणि पुढची बोअर तिच्यावरून सुधारते.

आता शिक्षण. बीएस्सीनंतर भूशास्त्रात एमएस्सी हवीच, कारण पुढचे जवळजवळ सगळे दरवाजे तिथूनच उघडतात. तुझ्या घरापासून सगळ्यात जवळ पवईचं आयआयटी. तिथे अॅप्लाइड जिऑलॉजीची दोन वर्षांची एमएस्सी आहे आणि प्रवेश जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेच्या भूशास्त्र पेपरवर मिळतो. ही परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज आदल्या वर्षीच भरावे लागतात, त्यामुळे तारीख आज बघ. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. कुठेही गेलीस तरी भूजलाचा एक प्रत्यक्ष प्रकल्प घेता येतो का आणि विभागाकडे स्वतःचा साउंडर, पंपिंग टेस्टची सोय, पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे का, हे प्रवेशाआधी विचारून घे. वर्गात खडकातून पाणी कसं वाहतं ते सांगणारा डार्सीचा नियम तोंडपाठ करून एकही विहीर न मोजता एमएस्सी झालेले बरेच भेटतात. त्या यादीत जाऊ नकोस.

गणिताला घाबरणारे भूशास्त्रात येतात आणि भूजलात पोहोचल्यावर अडकतात. लॉग, ग्राफ, थोडं कॅल्क्युलस, थोडी सांख्यिकी हवीच. नकाशांसाठी क्यूजीआयएस शिक, ते फुकट आहे. जलधराचं, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाचं, मॉडेल करायला अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षणाचं मॉडफ्लो आहे, तेही फुकट. पायथन येत असेल तर सोनं. पण हे सगळं दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी विहिरी मोज, कारण मॉडेलमध्ये कचरा घातला तर बाहेर रंगीत कचरा येतो.

त्या मोजणीतही एक सापळा आहे, आधीच सांगून ठेवतो. भूजल कुठल्या दिशेला वाहतं हे काढायला प्रत्येक विहिरीच्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. विद्यार्थी फोनच्या जीपीएसवरची उंची घेतात. ती दहा मीटरनेसुद्धा चुकू शकते, आणि दोन विहिरींच्या पाण्यात फरक असतो दोन मीटरचा. मग नकाशात भूजल खाडीकडून येऊरच्या डोंगराकडे चढत जातं. उंची अचूक मोजणारं ऑटो लेव्हल किंवा डीजीपीएस भाड्याने घे. नाहीतर दिशा दाखवू नकोस.

नोकऱ्यांकडे येऊ. केंद्रीय भूजल मंडळात भरती यूपीएससीच्या एकत्रित भूवैज्ञानिक परीक्षेतून होते. त्यात हायड्रोजिऑलॉजीची स्वतंत्र वाट आहे आणि त्यासाठी भूशास्त्रासारख्या विषयात पदव्युत्तर पदवी लागते. परीक्षा तीन टप्प्यांत: पूर्व ४०० गुण, मुख्य ६०० गुण, मुलाखत २०० गुण. पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० आणि विषयाचे ३०० गुण. मुख्य परीक्षेत भूशास्त्राचे दोन पेपर आणि हायड्रोजिऑलॉजीचा एक. अलीकडे जाहिरात सप्टेंबरच्या सुमारास, पूर्व परीक्षा फेब्रुवारीत आणि मुख्य जूनमध्ये असते. शास्त्रज्ञ-बी पदाला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल १०, मूळ वेतन ५६,१०० रुपये, वर भत्ते. नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. ठाण्यातच राहायचं असेल तर हे स्वप्न बघू नकोस.

राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, मुख्यालय पुण्यात, जिल्ह्यांत कार्यालयं. तिथली भूवैज्ञानिकांची पदं एमपीएससीच्या जाहिरातींतून भरली जातात. त्या जाहिराती नियमित निघत नाहीत, म्हणून फक्त त्यांच्या भरवशावर दोन वर्षं घरी बसू नये. काम मात्र मन लावून करण्यासारखं आहे. निरीक्षण विहिरी वर्षातून ठरलेल्या वेळी मोजायच्या, गावच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करायची, भूजलाचा ताळेबंद मांडायचा. या ताळेबंदात वर्षाला भरून येणाऱ्या पाण्यातलं ७० टक्क्यांपर्यंत उपसलं तर क्षेत्र सुरक्षित, ९० पर्यंत अर्धगंभीर, १०० पर्यंत गंभीर आणि वर गेलं तर अतिशोषित. महाराष्ट्राचा २००९चा भूजल कायदा तोंडी माहीत असू दे. त्यात ६० मीटर वा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर मानलं आहे. तुमच्या तीनशे फुटांचे ९१ मीटर होतात, ते मीटिंगमध्ये सांगायला हरकत नाही.

संशोधन करायचं तर रुडकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय). आणि मुंबईतच ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात (बीएआरसी) आयसोटोप जलविज्ञानाचं काम चालतं. पाण्यातलं ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप, मोजून ते पाणी अलीकडच्या पावसाचं आहे की जुनं हे सांगता येतं. ट्रिटियमचं अर्धआयुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास असल्याने हा हिशेब जमतो. पुण्याची अॅक्वाडॅम ही संस्था गावपातळीवरच्या जलधर व्यवस्थापनाचं काम आणि प्रशिक्षण करतं. प्रत्यक्ष कामाची चव घ्यायला अशा ठिकाणचं प्रशिक्षण चांगलं.

खासगी क्षेत्राबद्दल कॉलेजात कमी बोललं जातं, आणि ठाणे-नवी मुंबईत खरी मागणी तिथेच आहे. मोठ्या इमारतींची दोन-तीन मजले खोल तळघरं खणताना किती पाणी येईल, किती पंप लागतील, शेजारची इमारत खचेल का, हे कोणीतरी आधी सांगावं लागतं. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा राष्ट्रीय उद्यानाखालून जातोय. बुलेट ट्रेनच्या २१ किलोमीटरच्या बोगद्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून आहेत. अशा कामांत खडकात बोअर मारून दाबाने पाणी सोडून बघतात. दहा बार दाबाला दर मीटरला मिनिटाला एक लिटर गेलं तर त्याला एक ल्युजॉन म्हणतात. आकडा मोठा असेल तर आधी सिमेंटचं ग्राउटिंग करावं, म्हणजे भेगांत सिमेंट भरावं लागतं. तुझ्या वयाच्या मुलांना पहिली नोकरी बहुतेक अशाच साइटवर मिळते: रात्रीची शिफ्ट, चिखल, आणि दर पाच मिनिटांचं रीडिंग. एक वर्ष कर. खडकाचा स्वभाव एवढ्या जवळून दुसरीकडे कळणार नाही.

दुसरी मागणी प्रदूषणाची. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात कारखान्याखालची माती आणि भूजल तपासायची कामं निघतात. इथे नमुना नीट घेता येणं हीच निम्मी लायकी. बोअरमधलं थांबलेलं पाणी आधी उपसून टाकायचं. पीएच आणि ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) तिथेच मोजायचं, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पीएच बदलतो. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच दोनच्या खाली न्यायचा, बाकी बाटल्या काठोकाठ भरून बर्फात ठेवायच्या. रिपोर्ट आला की धन आणि ऋण आयनांची बेरीज करून बघायची. फरक पाच टक्क्यांहून जास्त असेल तर प्रयोगशाळेला फोन करायचा, रिपोर्टवर सही करायची नाही.

खाडीकाठाला क्लोराइडवर डोळा ठेव. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. गोड्या पाण्यात त्याचं पाच टक्के मिसळलं तरी साडेनऊशेची भर पडते, आणि पिण्याच्या पाण्याच्या मानकात, दुसरा स्रोत नसेल तरच चालणारी वरची मर्यादा १,००० आहे. नवी मुंबईतल्या खाडीलगतच्या सेक्टरमध्ये बोअर जोरात उपसली की दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी मचूळ होतं, आणि मग ते परत गोडं व्हायला किती काळ लागेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

मुलगी म्हणून अडचण येते का? येते, पण ती खडकाची नसते. राहायची सोय, साइटवर स्वच्छतागृह, संध्याकाळी परतायचं वाहन, या गोष्टी नेमणूकपत्राआधी लेखी विचार. संकोच करू नकोस, विचारणारी पहिली तू नाहीस. बाकीचे नियम मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखेच. उघड्या विहिरीवर एकटीने जायचं नाही. कठडा नसेल तर काठावर उभं राहून वाकायचं नाही, मागे बसून वायर सोडायची. आणि विहिरीत कधीही उतरायचं नाही. तळाशी विषारी वायू कोंडलेला असू शकतो. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात.

राहिलं पुनर्भरण, म्हणजे पावसाचं पाणी परत जमिनीत मुरवणं. मीटिंगमध्ये कोणीतरी "छतावरचं सगळं पाणी बोअरमध्ये सोडू" म्हणेलच. हिशेब मांडून दाखव. ६०० चौरस मीटर छत, अडीच मीटर पाऊस, वीस टक्के वाया धरून बारा लाख लिटर. आता खडकात जागा किती? झिजलेल्या बेसॉल्टची पाणी धरून सोडण्याची क्षमता दोन टक्के धर. तुमचा प्लॉट एक हेक्टरचा असेल आणि पावसाआधी पातळी पाच मीटर भरायची बाकी असेल, तर मावतील दहा लाख लिटर. एकट्या छताच्या पाण्यालाही तो पुरत नाही, आणि वरून उघड्या जमिनीतून मुरणारं पाणी वेगळंच. जुलै संपेपर्यंत जमीन काठोकाठ भरते, ऑगस्टमध्ये पुनर्भरणाचा खड्डा पाणी घेतच नाही, आणि जे मुरलं ते उताराने खाडीकडे निघून जायला लागतं. म्हणून कोकणपट्टीत पुनर्भरणाची जाहिरात जितकी केली जाते तितकं ते एप्रिलला उपयोगी पडत नाही. करू नका असं नाही, फिल्टर लावून जरूर करा. पण तुमच्या जागी मी आधी छताच्या पाण्यासाठी मोठी टाकी बांधेन आणि जून ते ऑक्टोबर संडास, बाग, गाड्या धुणं त्यावर चालवेन. बोअर तोवर बंद ठेवायची आणि नोव्हेंबरला पूर्ण भरलेली मिळवायची.

तर सेक्रेटरींना सांग, नव्या बोअरचा निर्णय एक महिना थांबवा. पीव्हीसी पाइप आणि ड्रमचं काम नव्या बोअरपेक्षा खूप स्वस्तात होतं. साउंडर तुझ्या विभागाकडून मागून आण. नसेल तर पातळ टू-कोअर वायर, मल्टीमीटर आणि दर मीटरला टेपचा पट्टा, एवढ्यावर घरी बनतो. रविवारी सकाळी सहाला पंप सुरू कर, दुपारी दोनला बंद कर, रात्रीपर्यंत रिकव्हरी मोज. सोसायटीतल्या दोन शाळकरी मुलांना स्टॉपवॉच आणि वही दे. नंतर दर महिन्याच्या एक तारखेला पातळी मोजत राहा, पावसाळ्यातसुद्धा. वर्षभराने बारा बिंदूंचा ग्राफ हातात असेल. एमएस्सीच्या मुलाखतीत "भूजलात रस का?" असं विचारलं की तोच टेबलावर ठेव.